चिपवरच्या दोन धारा एकजीव करताना

हरिपूरच्या संगमावर कृष्णा-वारणेचं पाणी भोवऱ्यांमुळे एकजीव होतं. माझ्या चिपवरची, म्हणजे द्रव वाहवायच्या छोट्या पट्टीवरची, खोबण 200 मायक्रॉन (0.2 मिलिमीटर) रुंद. तिच्यात भोवरा उठतच नाही. वेग सेकंदाला 1 मिलिमीटर धरला तर रेनॉल्ड्स अंक (प्रवाह शांत वाहील की खळाळेल हे सांगणारा आकडा) येतो जेमतेम 0.2, म्हणजे अगदी शांत. दोन द्रव शेजारी-शेजारी सरळ वाहत राहतात, मिसळतात ते फक्त विसरणाने, म्हणजे रेणू आपोआप पसरत गेल्याने. साध्या रंगद्रव्यालाही त्यासाठी दहा-बारा सेकंद लागतात. प्रथिनांच्या मोठ्या रेणूंना कितीतरी जास्त. तोवर द्रव पुढे निघून जातो.

म्हणून एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये एका धारेत मी फेरोफ्लुइड घेतलं, म्हणजे चुंबकाकडे ओढला जाणारा काळा द्रव. त्यात साधारण 10 नॅनोमीटरचे मॅग्नेटाइटचे (लोहाच्या चुंबकीय ऑक्साइडचे) कण असतात. 1963 मध्ये नासाच्या स्टीव्ह पॅपेल यांनी ते रॉकेटच्या इंधनासाठी बनवलं होतं. पीडीएमएसची (एक पारदर्शक सिलिकॉन रबर) चिप ओतणं वेळखाऊ, पण सरळ काम. खरा कस चुंबकाचा.

निओडिमियमच्या जोरदार चुंबकाचा तुकडा बाजूला ठेवला की काळी धार तिकडे सरकते, भिंतीला चिकटते आणि तिथेच राहते. नुसतं क्षेत्र जोरदार असून भागत नाही; ते जागोजागी जितकं झपाट्याने बदलेल तितकी कणांवर ओढ जास्त. शिवाय ओढ दोन्ही बाजूंनी आळीपाळीने हवी.

त्यासाठी दोन कॉइल गुंडाळून घ्यायला सांगलीतच विहिरीवरच्या मोटारी रिवाइंड करणाऱ्या एका काकांकडे गेले. गाभा कशाचा घ्यायचा, विचारलं. म्हणाले, "पोलाद नको पोरी, करंट गेला तरी ते चुंबक धरून बसतंय. मऊ लोखंड घे." मला नेमकं तेच हवं होतं: एक बाजू बंद होताक्षणी सुटली पाहिजे. मग त्यांनी कानशीने गाभ्याचं टोक निमुळतं करून दिलं. क्षेत्र खोबणीपाशी एकवटलं, कमी करंटमध्ये भागलं, कॉइल तापणं कमी झालं. हे फार महत्त्वाचं आहे. द्रव तापला की पातळ होतो, विसरणही वाढतं. मग मिश्रण चुंबकाने झालं की उष्णतेने, हे सांगणार कसं?

राहिली वारंवारता. बाजू फार भरभर पालटल्या तर धार जागची हलत नाही. फार सावकाश पालटल्या तर मधला द्रव तसाच निसटतो. सेकंदाला एखाद्या फेरीच्या आसपास, सूक्ष्मदर्शकाखाली काळी धार आधी नागमोडी झाली, मग तिला घड्या पडल्या, घड्यांत पाणी अडकलं आणि तपकिरी रंग भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरला. किती वेळ नुसती बघत राहिले!

हे करणाऱ्यांना एकच सांगेन: प्रत्येक मोजणीआधी खोबण धुऊन घ्या आणि चुंबक बंद असतानाचा फोटो काढून ठेवा. तुलना त्याच्याशीच करायची असते.