सापांपासून गव्यांपर्यंत

कोल्हापुरात स्वयंसेवक व्हायला अर्ज करावा लागत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं 43 फुटांची धोका पातळी ओलांडली, की ज्याला पोहता येतं तो कामाला लागतो. कॉलेजात असताना मीही असाच ओढला गेलो. माणसं बाहेर काढायला बरेच जण असायचे, गोठ्यात दाव्याला अडकलेल्या जनावरांकडं बघायला कमी. 2019 च्या महापुरात तर लोकांनी म्हशी स्लॅबवर चढवल्या होत्या. म्हैस पाण्याला भीत नाही, पण जिना उतरायचा म्हटलं की पाय रोवून उभी राहते. मग पायऱ्यांवर पोती अंथरायची, पुढं तिचं रेडकू धरायचं आणि शेपटीकडच्या माणसानं तोंड बंद ठेवायचं. हे शेवटचंच सगळ्यात अवघड.

पाणी ओसरलं की घराघरांत साप. तिथून मी एका जुन्या सर्पमित्रांच्या मागं फिरायला लागलो. त्यांची अट एकच: गळ्यात साप घालून फोटो काढलास, तर उद्यापासून यायचं नाही. बहुतेक कॉल धामण, दिवड, तस्कर या बिनविषारी सापांचेच असायचे. पण नाग, घोणस, मण्यार, फुरसं लांबून ओळखता येईपर्यंत त्यांनी मला काठीला हात लावू दिला नाही. साप 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली येतो, तेव्हा पकडला की वनखात्याला कळवायचं, हेही त्यांनीच डोक्यात बसवलं.

त्या नोंदींतून वनकर्मचाऱ्यांशी ओळख झाली. बुद्धपौर्णिमेच्या वन्यप्राणी गणनेला दाजीपूरच्या जंगलात मचाणावर बसायला मिळालं. रात्रभर डास आणि पहाटे एक सांबर, एवढंच.

खरा कस लागतो तो गवा बाहेर आल्यावर. राधानगरी अभयारण्य 1958 साली गव्यांसाठीच झालं, क्षेत्र 351 चौरस किलोमीटर. पण शेजारी ऊस आणि शाळू उभा असल्यावर गवा आत कशाला थांबेल? वनखात्याच्या 1926 या हेल्पलाइनला फोन जातो आणि त्यांच्या गाडीआधी गर्दी पोचते. हजार किलोपर्यंत भरणारं हे जनावर मुळात बुजरं. पोरं मोबाईल घेऊन मागं लागली की बिथरतं. म्हणून आम्ही गव्याच्या वाटेला जात नाही. जंगलाकडची बाजू मोकळी ठेवतो आणि गावाला मागं सरकवतो.

अशाच एका बांधावर एक मामा भडकले. "गवा सरकारचा, शाळू माझा. खाल्लेलं कोण भरून देणार?"

प्रश्न रास्तच होता. भरपाई मिळते, पण अर्ज, सातबारा, पंचनामा सगळं वेळेत व्हावं लागतं, आणि लोक तिथंच कंटाळतात. तेव्हापासून माझ्या पिशवीत टॉर्चबरोबर कोरे अर्ज असतात. गव्याची बाजू मांडायची तर आधी शेतकऱ्याचा कागद पुरा करा, असं माझं मत. नुसती भाषणं ठोकणाऱ्या मित्रांना ते पटत नाही; न पटो.

तेच मामा आता स्वतः फोन करतात. "आलाय बघ. पोरांना मी थोपवतोय, तू अर्ज घेऊन ये."