ओहोटीच्या वेळी खडकावर

किनाऱ्याचं नाव सांगणार नाही. सांगितलं की पुढच्या सुट्टीत तिथे झुंडी येतील, दगड उलटे करून फोटो काढतील आणि तसेच टाकून जातील. दगडाखालच्या ओलसर सावलीत जगणारे जीव मग उन्हात वाळून मरतात. आम्ही होतो तेव्हाही एक कुटुंब हेच करत होतं. मुलांना ओरडायचं की आईबापांना, ते ठरेना.

रात्रभराच्या बसबद्दल आणि कुबट खोलीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचंय ते अमावास्येच्या ओहोटीबद्दल. अमावास्या-पौर्णिमेला भरती जशी मोठी, तशी ओहोटीही खोल जाते, म्हणून एरवी पाण्याखाली असणारा खडक उघडा पडतो.

बरोबरच्या वाटाड्या ताईंनी सुरुवातीलाच अट घातली, फोनवरच्या ॲपला काही विचारायचं नाही. आधी प्राण्याचं अंग बघायचं, नाव नंतर. मला हा आगाऊपणा वाटला. सहलीला आलोय, तोंडी परीक्षेला नाही! पण त्यांनी एका खडकाशी बसवलं आणि पुढचा सगळा वेळ मी तिथून हललो नाही.

खडकावर बोटाच्या पेराएवढे करडे शंकू चिकटलेले होते. सगळे एकाच जातीचे वाटावेत असे. ताईंनी एकाला नखाने हळूच टोकलं. तो खडकाला आणखी घट्ट बसला. तो लिंपेट, म्हणजे गोगलगायीचा नातलग. शिंपला अखंड, खाली मांसल पाय, गट मृदुकाय. शेजारच्याचं कवच मात्र एकसंध नव्हतं, पाकळ्यांसारखे तुकडे जोडलेले आणि वर झाकण. हा बार्नॅकल. पाणी साचलेल्या खळग्यातल्या एकावर भिंग धरलं तर झाकण किलकिलं झालं, आतून पिसांसारखे पाय बाहेर आले, पाणी चाळून पुन्हा आत गेले. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. भिंगातून पायांचे सांधे दिसत होते.

सांधे असलेले पाय म्हणजे संधिपाद. हा खेकड्या-कोळंबीचा भाऊबंद, डोक्याकडून खडकाला चिकटलेला आणि पायांनी घास तोंडाकडे ढकलणारा. शास्त्रज्ञही कितीतरी काळ त्याला शिंपल्यांमध्येच धरत होते. 1830 मध्ये जॉन व्हॉन थॉम्पसन यांनी त्याची पोहणारी पिल्लं कवचधाऱ्यांच्या, म्हणजे खेकड्या-कोळंबीच्या गटातल्या, पिल्लांसारखी असल्याचं दाखवलं, तेव्हा त्याची जागा बदलली. डार्विनने याच प्राण्यावर 1846 ते 1854 अशी आठ वर्षं घालवली. एरवी मला हा वेडेपणा वाटला असता. त्या खळग्याशी बसल्यावर नाही वाटला.

बाकीचं भराभर झालं. कपारीत केशरी लेप होता, सगळे त्याला शेवाळ म्हणाले. तो निघाला स्पंज. तोंड नाही, हातपाय नाहीत, नुसती छिद्रं, म्हणून रंध्रीय. समुद्रफूल दिसायला फूल, पण आहे प्राणी, त्याच्या शुंडकांवर, म्हणजे पाकळ्यांसारख्या लवचीक हातांवर, दंशपेशी असतात. तारामासा पाच भागांत सारखा वाटला जातो, पण त्याचं पिल्लू मात्र आपल्यासारखं डावं-उजवं असतं. हे ऐकून मी गप्पच झालो.

पाणी चढायला लागल्यावर सुरूच्या बनात येऊन बसलो आणि तिथे खरा वाद पेटला. आमच्यातले एक काका म्हणाले, हे पाइन, सुया आहेत, शंकू आहेत, आणखी काय हवं? ताईंनी एक ‘सुई’ त्यांच्या हातात दिली आणि ओढायला सांगितली. ती पेरावर अलगद सुटली. ही सुई म्हणजे पान नव्हेच, हिरवी बारीक फांदी. खरी पानं त्या पेराभोवती दातऱ्यांसारखी, भिंगाशिवाय कळणार नाहीत इतकी छोटी. आणि तो ‘शंकू’ म्हणजे लाकडासारखा झालेला फळांचा झुबका. बी फळाच्या आत, म्हणून आवृत्तबीजी. पाइनचं बी उघड्या खवल्यावर असतं. म्हणजे सुरू नात्याने पाइनपेक्षा आंब्याला जवळचा.

मी आणखी चार सुया ओढून बघितल्या. प्रत्येक पेरावर सुटली. काकांनी एकही ओढली नाही. त्यांनी बनाचा फोटो काढला, खाली ‘पाइनच्या जंगलात’ असं लिहिलं आणि बसमध्ये बसेपर्यंत किती जणांना आवडला ते मोजत राहिले.