देगलूरच्या प्रयोगातले रुसलेले मामा

देगलूरला आमच्या प्रहसनाचा प्रयोग होता, आणि त्या दिवशी सकाळीच मी संहिता पुन्हा हातात घेतली. कारण प्रेक्षक. एका अंगाला तेलंगणा, दुसऱ्या अंगाला कर्नाटक. मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी बोलणारी घरं शेजारीशेजारी बसणार. 1956 पर्यंत हा सगळा मुलूख एकाच हैदराबाद राज्यात होता, सोयरिकी अजूनही सीमेपलीकडे जुळतात. त्यामुळं लग्नात रुसलेले मामा सगळ्यांना ओळखीचे. ते का रुसले, हे मात्र सगळ्यांना कळेलच असं नव्हतं.

लातूर-परभणीकडं मामांच्या हातात टॉवेल-टोपी पडली की हशा येतो, कारण फेट्याचा मान मोठा हे प्रेक्षक घरूनच शिकून आलेला असतो. ज्याला ते ठाऊक नाही त्याला मामा उगाच चिडके वाटतात. संवादातून समजावून सांगावं तर विनोद तिथंच मरतो. म्हणून पहिला प्रवेश मुका केला. ओळीनं फेटे बांधले जातात, अगदी गाडीच्या ड्रायव्हरलाही. मामा डोकं पुढं करतात आणि फेटे संपतात. बांधणारा पिशवी चाचपून टॉवेल-टोपी काढतो. हसायला जी माहिती लागते, ती हशाच्या आधी डोळ्यांदेखत मिळायला हवी.

शब्दांवरच्या कोट्या बहुतेक काढल्या. न कळल्या तरी पुढचं अडणार नाही, तेवढ्याच ठेवल्या. बोली मात्र सोपी केली नाही. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकट्यानं 52 पात्रं उभी केली ती मराठवाडी बोलीतच. पात्र अंगातून दिसलं की बोली आड येत नाही, हे माझं ठाम मत आहे.

मोठा बदल आचाऱ्याचा. मूळ संहितेत तो तेलुगूभाषक, आणि हशे त्याच्या मराठी उच्चारांवर. देगलूरला ते थेट समोर बसलेल्या माणसाला लागलं असतं. ते सगळे कापले आणि मामांचा रुसवा काढायचं काम त्यालाच दिलं. नवरीचा बाप हात जोडतो, मामा म्हणतात, “मला कुणी इचारलं का?” नवरदेव पाया पडतो, तरी हलत नाहीत. मग आचारी वाटीभर वरण घेऊन येतो. “मामा, तुम्ही चव बघितल्याबिगर पंगत बसणार नाही.” मामा बोट बुडवतात, डोळे मिटतात, कपाळाला आठी घालतात. “मीठ कमी हाय!” म्हणत बाह्या सारून थेट चुलीकडं.

इथं सभागृह एकदम हसलं. एरवी हशा दोन लाटांत येत होता: आधी मराठीवाले, मग शेजाऱ्यानं कानात सांगितल्यावर बाकीचे. पहिल्या लाटेवरच पुढचं वाक्य टाकलं तर ते बुडतं, आणि त्याच्यावर उभा असलेला पुढचा हशाही जातो. त्यासाठी मामांना अशा प्रत्येक जागी टॉवेलची सावकाश घडी घालायला सांगितली होती. नटाला नुसतं ‘थांब’ म्हटलं की तो घाई करतोच. हाताला काम दिलं की थांबतो.

12 मिनिटांचं प्रहसन 14 वर गेलं. मिश्र प्रेक्षक असले की आयोजकांकडून ही 2 मिनिटं आता आधीच मागून घेतो.