परतीचा जोर

जाळीच्या पिंजऱ्याची एक खोड फार खुपते. तो एका उंदरावर समाधान मानतो. आकड्याला भजं लावा, दार उचलून तार अडकवा, रात्री साडेबाराला 'खाट्' झालं की त्याची ड्यूटी संपली. बाकीची मंडळी त्याला वळसा घालून तांदळाच्या डब्याकडे जायला मोकळी. परवा दुपारी नाशकातल्या भद्रकालीत एका दुकानाबाहेर अशा पिंजऱ्यांची माळ टांगलेली दिसली आणि वाटलं, इतकी वर्षं झाली, याला स्वतःचं दार स्वतः उघडायला कुणी शिकवलं नाही का?

शिकवलंय. इंग्लंडमधल्या सेल्सी गावच्या कॉलिन पुलिंगरने १८६१ च्या सुमाराला एक लाकडी पेटी केली होती. आत डोलणारी फळी, उंदीर चढला की कलणारी आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी पुन्हा तयार राहणारी. आपण आज ज्याला चाप म्हणतो, त्या स्प्रिंगच्या सापळ्याचं अमेरिकेतलं विल्यम हूकरचं पेटंट १८९४ चं, म्हणजे त्यानंतरचं. चाप स्वस्त पडला, जगभर गेला, आणि शहाणी फळी मागे राहिली.

ही फळी घरी करता येते. त्यासाठी रंगाची वीस लिटरची रिकामी बादली लागते, सव्वा फूट खोल आणि आतून गुळगुळीत. घरातला छोटा उंदीर जागेवरून फूटभर उडी मारतो, त्यामुळे सव्वा फुटाला तो अडतो. मोठा काळा उंदीर मात्र अडत नाही. त्याचं वजन दीडशे-दोनशे ग्रॅम आणि उडी तिप्पट. त्याच्यासाठी ड्रम हवा. घुशीचा विषय इथे नकोच.

बादलीच्या झाकणाला अर्ध्यापासून एका बाजूला तेरा सेंटिमीटर लांबीची खाच पाडायची. वर २४ सेंटिमीटर लांब, ९ रुंद फळी बसवायची. बरोबर मध्यावर, खालच्या बाजूने, सायकलचा स्पोक आडवा चिकटवायचा, हा आस. त्याची टोकं झाकणावर बसवलेल्या दोन नळ्यांमध्ये जरा सैल फिरली पाहिजेत. फळीचा मागचा अर्धा भाग झाकणावर टेकलेला, पुढचा खाचेवर अधांतरी. फळी पत्र्याची करू नये. तेलाच्या डब्याचा पत्रा घरात असतोच, म्हणून मोह होतो, पण तेवढा तुकडा पन्नासेक ग्रॅम भरतो. पंधरा ग्रॅमच्या उंदराने त्याला हलवायचं म्हणजे फळी अशी सावकाश कलते की तो विचार बदलून मागे फिरतो. प्लायवूड पावसाळ्यात फुगतं आणि नळीत आवळतं. कंपनीच्या जाहिरातीच्या बोर्डाला वापरतात ती पोकळ प्लास्टिकची शीट सगळ्यात बरी. ती हलकी असते आणि पुसताही येते.

फळी पाडणं सोपं आहे. खरं काम ती परत आणण्याचं.

परत आणायला मागे वजन हवं. वजन कमी पडलं तर उंदराने आस ओलांडताच फळी डुचमळते, मागचे पाय अजून भक्कम जागी असतात, आणि तो पसार. जास्त झालं तर पिल्लं टोकापर्यंत फिरून येतात. याचं माप घरातच पडलेलं असतं. दहा रुपयांचं नाणं पावणेआठ ग्रॅमचं; अशी दोन म्हणजे साडेपंधरा ग्रॅम, म्हणजे एक मध्यम उंदीर. तिसरं नाणं मागच्या वजनासाठी. ते आसापासून आडव्या अंतराने दहा सेंटिमीटर मागे बसवलं, तर पुढची दोन नाणी आसाच्या पुढे पाच सेंटिमीटरला पोचताच फळी कलते. तोवर उंदराचा मागचा पायही आस ओलांडून गेलेला असतो. आठ ग्रॅमच्या पिल्लाला साडेनऊच्या जरा पुढे जावं लागतं. पुढची फळी बारा सेंटिमीटरची आहे, म्हणजे तेही जातं.

पण नाणं फळीला सपाट चिकटवू नये. जाड तारेच्या टोकाला लावावं, आणि तार आसाजवळून मागे, तीस अंश वर उचललेली ठेवावी, साडेअकरा सेंटिमीटर लांब. उंदीर तिच्या खालून जातो. फळी पुढे कलली की नाणं वर चढतं आणि चढताना आसाच्या जवळ येतं, म्हणजे त्याचा जोर उतरत जातो. कलायला सुरुवात झाली की फळी थांबत नाही, झपकन जाते. पंचेचाळीस अंशांवर खाली अडण लावली, तर नाणं अजून आसाच्या मागेच तीन सेंटिमीटर उरतं आणि उंदीर पडल्याबरोबर फळी आपसूक परत येते. अडण विसरली आणि फळी साठच्या पुढे गेली, तर नाणं डोक्यावरून पलीकडे जातं. मग फळी तोंड खाली घालून सकाळपर्यंत तशीच.

हिशेब केला तर सुरुवातीला परतीचा जोर सत्त्याहत्तर, तळाशी तेवीस. एकक ग्रॅम-सेंटिमीटर, पण ते महत्त्वाचं नाही. महत्त्वाचं हे की तेवीस म्हणजे काहीच नाही. फळीच्या टोकाला तीन ग्रॅम शेंगदाण्याचं कूट चिकटलं की तो संपला. म्हणून आमिष फळीवर लावणारा माणूस पहिल्याच रात्री हरतो. आमिष पलीकडच्या काठावर, फळीच्या टोकापासून नाक पुरणार नाही इतकं लांब लावावं. गूळ नको, मुंग्या आधी येतात. सुक्या खोबऱ्याचा नखाएवढा तुकडा गॅसवर करपेपर्यंत भाजलेला पुरतो. नाशकात बेदाणा स्वस्त म्हणून बेदाणा लावून बघणारे आहेत. खोबऱ्यापुढे त्याचा वास फिका.

नळीत तेलही घालू नये. आठवड्यात त्याला धूळ धरते, आणि थंडीत, निफाडकडे पारा चार-पाच अंशांवर येतो तेव्हा, ते घट्ट होतं. उंदीरही नेमके तेव्हाच शेतातून, कांदाचाळीतून घराकडे वळतात. पेन्सिलीच्या शिशाची पूड घालावी.

ज्यांना आणखी किडे करायचे आहेत त्यांच्यासाठी चुंबक. फ्रिजच्या दाराच्या रबरात असते ती पट्टी, बोटाच्या पेराएवढी, फळीच्या मागच्या टोकाखाली लावावी. समोर झाकणात लोखंडी स्क्रू. मध्ये पुठ्ठ्याचे तुकडे घालत ओढ कमी करत न्यावी. चुंबक सुटेपर्यंत घट्ट धरतं आणि सुटलं की एकदम सोडतं, त्यामुळे मागे दहाच्या जागी पाचचं नाणं चालतं. शिवाय परतलेली फळी डुगडुगत बसत नाही, टपकन चिकटते. तिथे नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, तुकडा मात्र लावाच. तो 'टप्' ऐकून पुढचा उंदीर अर्धा तास येत नाही.

उरलेल्या गोष्टी किरकोळ, पण सापळा बहुतेक वेळा त्यांच्यावरच फसतो. चढायची पट्टी भिंतीला लागून ठेवावी, उंदीर मिशा भिंतीला घासत चालतो, खोलीच्या मध्यावर ठेवलेल्या बादलीकडे तो ढुंकूनही बघत नाही. मागच्या अर्ध्या फळीला सॅंडपेपर चिकटवावा, पुढचा अर्धा गुळगुळीत ठेवावा. बाजूची फट पाच मिलिमीटरच्या वर नको, नाहीतर तो काठ धरून लोंबकळतो. पहिल्या दोन-तीन रात्री फळी टाचणीने अडकवून नुसतं खाऊ घालावं. आणि चिचुंद्री पडली तर बादली धुऊन उन्हात टाकण्यावाचून इलाज नाही. त्या वासावर महिनाभर कुणी फिरकत नाही म्हणतात, मला ते खरं वाटतं.

पुलिंगरच्या पेटीचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलं. तसलीच एक इंग्लंडमधल्या रेडिंगच्या ग्रामीण जीवनाच्या संग्रहालयात जपून ठेवली होती. २०१६ साली तिथल्या माणसांना तिच्यात मेलेला उंदीर मिळाला. आमिष नव्हतं, कुणी सापळा लावलाही नव्हता. दीडशे वर्षांची फळी कलली आणि परत आली, बस. हे ऐकून आधी हसू येतं. मग लक्षात येतं की तो उंदीर आत किती वेळ होता, हे कुणालाच माहीत नव्हतं.

वाजणारा पिंजरा निदान बोलावतो तरी. पूर्वी वाड्यात 'खाट्' झालं की सकाळी गोदाकाठी वरात निघायची, पुढे पिंजरा धरलेला कुणी दादा, मागे पोरं. आणि इतक्या जवळ सोडलेला उंदीर संध्याकाळी परत कोठीत. नमदा लावलेली ही फळी आवाजच करत नाही. एप्रिलमध्ये पत्र्याखालच्या खोलीत बंद बादली म्हणजे भट्टी. त्यामुळे रोज सकाळी झाकण उघडायचं, तळाशी कागदाचे तुकडे टाकायचे, सोडायचा तर दोन-तीन किलोमीटर लांब, घरांपासून दूर. मारायचाच तर चापाने, एका फटक्यात. बुडवून किंवा चिकट पुठ्ठ्यावर तडफडवून नाही. हातमोजे घालायचे, बादली फिनाइलने धुवायची. पावसाळ्यात लेप्टोच्या तापाचा धोका उंदराच्या मुतातूनच असतो. १८९६ ला मुंबईत प्लेग आला, तो इथेही पोचला, तेव्हा घरात उंदीर पडला की लोक चूल तशीच टाकून शिवारात झोपड्या बांधायला निघत. विनायक सावरकरांचे वडील, भगूरचे दामोदरपंत, १८९९ मध्ये त्यातच गेले.

झाकण उघडायचं काम घरात कुणाकडे जातं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्या माणसाला विचारून मगच स्पोक आणावा.