फोबजिखाच्या बटाट्याचा भाव

भूतानला नेलेल्या प्रत्येक ग्रुपमध्ये एक वाद ठरलेला असतो. त्याला तोंड फुटतं सीमेवरच्या फुन्शोलिंग गावात, परमिटचे कागद हातात पडताना. शाश्वत विकास शुल्क म्हणून भारतीय प्रवाशाला माणशी दर रात्री १२०० रुपये भरावे लागतात. हॉटेल वेगळं, जेवण वेगळं. बाकीच्या देशांतल्या लोकांना १०० डॉलर पडतात, म्हणजे आपल्याला तशी सवलतच. पण हे मी हल्ली सांगत नाही. सांगितलं की "मग शेजाऱ्याला फुकट का नाही?" असं ऐकावं लागतं.

पुण्याच्या एका लहानशा कंपनीत मी टूर मॅनेजर आहे. त्या नोव्हेंबरातल्या ग्रुपमध्ये वादाचं पुढारपण अण्णांकडे होतं. मूळचे सातगाव पठारावरचे, मंचरच्या वरच्या अंगाला अजून शेती, आणि वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात गाळा. सहा रात्री, दोन माणसं, १४,४०० रुपये, हा हिशोब त्यांनी बागडोगऱ्याहून येताना गाडीतच मांडला होता. "मॅडम, हवा मोजून विकायची म्हणजे हीच की." अण्णा चिडले की मी मॅडम व्हायचे, एरवी "अगं पोरी".

ज्या दिवसाबद्दल लिहितेय त्या दिवशी थिंफूहून फोबजिखा खोऱ्यात जायचं होतं. वाटेत दोचुला खिंड लागते. सुमारे ३१०० मीटर उंची, हवा स्वच्छ असेल तर समोर हिमालयाची रांग, आणि खिंडीत टेकाडावर १०८ चोर्तेन, म्हणजे स्तूप. आमचा गाईड तिथे बस थांबली की जरा ताठ होतो. बोलत काहीच नाही, पण आपली माणसं कुठे कुठे पांगलीत यावर त्याची नजर फिरत असते. ग्रुप महाराष्ट्रातला असेल तर जास्तच. २०१९ च्या ऑक्टोबरात महाराष्ट्रातला एक बाईकस्वार इथल्याच एका चोर्तेनवर शिडी लावून चढला आणि त्याने वर उभं राहून फोटो काढून घेतला. तो फोटो सगळ्या भूतानने पाहिला. पोलिसांनी त्याला बोलावलं, त्याने माफीनामा लिहून दिला, मग सुटला. हा किस्सा मी बसमध्येच सांगून टाकते. गाईडच्या तोंडून ऐकण्यापेक्षा बरा.

"एका पोराने केलं म्हणून आम्ही माना खाली घालायच्या का?" अण्णा म्हणाले. तसं बघितलं तर प्रश्न चुकीचा नव्हता.

पण हे स्तूप कशाचे आहेत ते माहीत असलं की त्या फोटोची लाज वेगळ्या ठिकाणी लागते. उल्फा, बोडो आणि कामतापुरी अतिरेक्यांनी दक्षिण भूतानच्या जंगलात तळ ठोकले होते. तिथून येऊन ते आसामात आणि उत्तर बंगालमध्ये हल्ले करायचे. भूतानने वर्षानुवर्षं बोलणी करून पाहिली आणि शेवटी डिसेंबर २००३ मध्ये आपलं एवढंसं सैन्य त्यांच्यावर घातलं. राजा स्वतः सैन्याबरोबर होता. त्यात जे भूतानी सैनिक पडले, त्यांच्या स्मरणार्थ राणीमातेने हे १०८ चोर्तेन बांधून घेतले. म्हणजे आपल्या देशाची डोकेदुखी निस्तरताना मेलेल्या माणसांच्या स्मारकावर आपला माणूस फोटोसाठी चढला होता.

ग्रुपमधल्या एका काकूंचे यजमान नव्वदच्या दशकात दिब्रुगडला चहाच्या कंपनीत होते. त्या म्हणाल्या, "आम्ही अंधार पडल्यावर दार उघडत नव्हतो." बसमध्ये एवढंच बोलणं झालं. खाली उतरल्यावर सगळ्यांनी डावीकडून प्रदक्षिणा घातली, आणि सेल्फी स्टिक जवळजवळ कुणी काढली नाही. जवळजवळ म्हणते, कारण एकाने काढलीच.

फोबजिखात पोचायला दुपार कलली. थाळीसारखं पसरलेलं खोरं, कडेने पाइनचे डोंगर, मध्ये दलदल. विजेचा खांब दिसत नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस तिबेटातून काळ्या मानेचे क्रौंच इथे हिवाळा काढायला येतात. तारांना आपटून ते मरू नयेत म्हणून विजेच्या केबल जमिनीखालून नेल्या आहेत. वीज थोडी उशिरा आली तरी चालेल, पण खांब नकोत, असं ठरलं. पाहणी केंद्राच्या दुर्बिणीतून सगळे आळीपाळीने पक्षी बघत होते. अण्णांनीही डोळा लावला, पण ते बघत होते जमीन.

"एवढी सपाट काळी जमीन पडीक? चर मारायचे, पाणी काढून द्यायचं आणि बटाटा लावायचा. सोनं निघेल."

मी उत्तर दिलं नाही. पाणथळीचं महत्त्व या विषयावर माझं छोटं भाषण तयार असतं, पण ते ऐकताना माणसं मान डोलावतात आणि चहाचं विचारतात.

मुक्काम होमस्टेत होता. दुमजली घर, वर राहायची जागा, मधोमध धगधगती बुखारी, म्हणजे लाकडाची शेगडी. घरमालकीण पन्नाशीच्या पुढची. तिचं हिंदी आमच्यातल्या काहींपेक्षा बरं होतं, थोडं टीव्हीवरून आलेलं, थोडं फुन्शोलिंगच्या बाजारातून. रात्रीच्या जेवणात केवा दात्शी होती, म्हणजे बटाटा आणि चीज. अण्णांनी पहिला घास घेतला आणि थांबले. मला वाटलं, आता तिखट नाही म्हणून तक्रार येणार. ते म्हणाले, "बटाटा कुठला?"

घरातलाच होता. मग ताट तसंच ठेवून ही स्वारी खाली. खालच्या मजल्यावर ढीग होता, काही बियाण्यासाठी राखलेला, काही शेवटच्या गाडीने जायचा. अण्णा उकिडवे बसले, एक बटाटा नखाने खरवडला, दुसरा मोबाईलच्या उजेडात फिरवून बघितला. हा गोळा, ही गोल्टी, हा लागलेला, याला ढिगात ठेवू नका, शेजारचे नासवेल. मालकीण आधी हसली, मग तीही बसली. गाईड दुभाषा म्हणून गेला, पण पाच मिनिटांत त्याचं काम संपलं.

पुढचा तास-दीड तास मी जिन्यावर बसून ऐकत होते. तिथला बटाटा पावसाळ्यात आणि त्यानंतर निघतो. आपल्या मैदानी भागात तेव्हा कोल्ड स्टोरेजचा जुना माल असतो, म्हणून सीमेवर याला भाव मिळतो. फुन्शोलिंगच्या यार्डात लिलाव होतो आणि घेणारे व्यापारी बहुतेक भारतातले. अण्णांचा पठारावरचा खरिपाचा बटाटाही साधारण त्याच दिवसांत निघतो. रानडुक्कर दोघांकडे. ती माणसं रात्री माचाणावर बसून डबे वाजवतात, अण्णांचा भाऊ फटाके लावतो. उपयोग दोन्हीकडे सारखाच, म्हणजे नाही.

"सातबारा कुणाच्या नावावर?" अण्णांनी विचारलं. गाईडला सातबारा म्हणजे काय ते मी सांगितलं. जमीन आणि घर बाईच्या नावावर होतं, तिच्या आईकडून आलेलं, आणि पुढे मुलीकडे जाणार होतं. पश्चिम भूतानात ही रीतच आहे. अण्णांच्या सौ. जिन्यात माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्या नुसत्या "हं" म्हणाल्या, पण अण्णांना ऐकू जाईल असा.

मग घरमालकीण म्हणाली, कधी कधी यार्डात भाव अचानक पडतो. माल चांगला, तरी बोलीच चढत नाही. व्यापारी आधी आपसात ठरवून येतात, म्हणजे आपल्याकडची रिंग. आणि गाडीचं भाडं भरून आणलेला बटाटा काही परत नेता येत नाही.

अण्णा गप्प. मग खिशातून रुमाल काढला. आपल्याकडे पूर्वी सौदे कसे व्हायचे ते दाखवतो, म्हणाले. बाईमाणसाचा हात कसा धरायचा, म्हणून गाईडचा हात धरून त्यावर रुमाल टाकला आणि त्याची बोटं दाबू लागले. पूर्ण बोट म्हणजे एवढे, अर्धं पेर म्हणजे तेवढे. बाजूला उभ्या शेतकऱ्याला कळायचं नाही आपला माल कितीला गेला. "रिंग आम्हीपण करतो," हे त्यांनी मराठीत, माझ्याकडे बघून सांगितलं. भाषांतर कर म्हणाले नाहीत. पण रुमालाखालचा तो प्रकार बघून बाईला समजायचं ते समजलं होतं. ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

दलदलीचा विषय अण्णांनी सोडला नव्हताच. चर, पाणी, सोनं, सगळं पुन्हा झालं. ती म्हणाली, तिथे आमची गुरं चरतात. आणि पाणी काढलं तर थ्रुंग थ्रुंग, म्हणजे क्रौंच, येणार नाहीत. "वो नहीं आएगा तो आप क्यों आएगा? आलू देखने?"

यावर अण्णांकडे उत्तर नव्हतं, कारण ते त्या क्षणी आलूच बघत होते.

वर आल्यावर बुखारीजवळ अजून बोलणं झालं. तिच्या सासूचं ऑपरेशन कोलकात्याला झालं होतं, थिंफूच्या डॉक्टरांनी पाठवलेलं, खर्च सरकारचा. ही तिथली नेहमीची पद्धत आहे. तिने ते आमच्या शुल्काच्या संदर्भात सांगितलं नव्हतं, सासूच्या गुडघ्यांवरून विषय निघाला होता. अण्णांनी मात्र आपलं शुल्क आणि सरकारचा हा खर्च यांची सांगड घातलेली मला दिसली, ओठांवर आकडे पुटपुटताना. थोड्या वेळाने म्हणाले, "बाराशे जास्तच आहेत. नऊशे ठीक."

सकाळी क्रौंचांचा आवाज ऐकून मंडळी बाहेर धावली. आमच्यातला एक तरुण मोबाईल धरून पायवाट सोडून दलदलीकडे उतरायला लागला. मी हाक मारायच्या आत अण्णा ओरडले, "ए, वर ये! लोकांच्या रानात काय शिरतोस!" मी गेली कित्येक वर्षं पर्यावरणाच्या नावाने जे सांगत आले, त्याहून हे लवकर लागू पडलं. मुलगा मुकाट्याने वर आला. दुसऱ्याच्या पिकात पाय घालू नये हे त्याला आजोळी कुणीतरी शिकवलेलं असणार.

परतीच्या दिवशी फुन्शोलिंगला खरेदीसाठी वेळ ठेवलेला होता. अण्णांनी बस लिलावाच्या यार्डाकडे वळवायला लावली. सीझनचा शेवट होता, ट्रक थोडेच होते. अण्णा गोण्यांमधून फिरले, दोन व्यापाऱ्यांशी हिंदीत तावातावाने बोलले, आणि येऊन मला सांगितलं की त्या बाईचा माल नीट प्रतवारी करून आला तर गोणीमागे फरक पडेल. तसं गाईडकरवी तिला कळवलंही. तिने ऐकलं की नाही माहीत नाही. शेवटच्या फॉर्मवर तिघांनी लिहिलं, "शॉपिंगला वेळ दिला नाही."

हे सगळं मी ऑफिसात सांगितलं, तर पुढच्या माहितीपत्रकात एक ओळ वाढली : "स्थानिक शेतकऱ्यांशी मनमोकळा संवाद." मी म्हटलं, मग दर ग्रुपला एक बटाट्याचा व्यापारीही द्या. ओळ छापली गेलीच. पुढे कंसात "हवामानानुसार" असं लिहिलंय.