आईच्या नाकाने ओळखलेलं स्पेकुलास

नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या बाजारचौकात आम्ही दोघी उभ्या होतो, मी आणि आई, एका टोकाला न्यूवे केर्क या चर्चचा उंच मनोरा, समोरच्या टोकाला जुनं नगरभवन, आणि पाऊस इतका तिरका की छत्री उघडून काही फायदाच नाही. नोव्हेंबर संपत आला होता, साडेचारलाच अंधारून आलं. आईचे हात गार पडले होते म्हणून जी पहिली बेकरी दिसली तिच्यात शिरलो, आणि आई दारातच थांबली. मला वाटलं पाय घसरला की काय. तर ती डोळे मिटून वास घेत होती. "दालचिनी आहे, जायफळ आहे, लवंग आहे... आणि अगं, मिरी पण आहे यात."

बिस्किटात मिरी? मी काउंटरवरच्या बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या हो, पांढरी मिरी. आईने अजून तुकडाही तोंडात टाकला नव्हता!

ते होतं स्पेकुलास. बिस्कॉफ खाल्लं असेल ना, त्याच्याच नात्यातलं, फक्त बिस्कॉफ शेजारच्या बेल्जियमचं, त्यात कॅरॅमलची चव पुढे असते आणि मसाला अगदी हलका. डच स्पेकुलासमध्ये मसाला आधी येतो आणि गोडवा मागून. दालचिनी सगळ्यात जास्त, मग लवंग, जायफळ, सुंठ, वेलदोडा, पांढरी मिरी, काही जण धणेही घालतात. ५ डिसेंबरच्या संध्याकाळी तिकडे सिंटरक्लासचा, म्हणजे मुलांना भेटी आणणाऱ्या सांताक्लॉजसारख्या संताचा, सण असतो, सणाच्या आधीचे दोन-तीन आठवडे मुलं रात्री बूट मांडून ठेवतात, त्यात सिंटरक्लासच्या घोड्यासाठी गाजर, आणि सकाळी बुटात काहीतरी खाऊ सापडतो. स्पेकुलास मूळचं या दिवसांतलं, म्हणून त्यावर स्वतः सिंटरक्लासचं चित्र असतं, नाहीतर पवनचक्की, जहाज, जोडपं. (कुकी हा शब्दही डच 'कूक्ये'वरूनच इंग्रजीत गेलाय, म्हणजे छोटा केक, मला हे फार आवडतं.)

हे मसाले त्या थंड देशात कुठून आले हा प्रश्न आईने तिथेच विचारला होता. दालचिनी श्रीलंकेची, मिरी मलबारची, लवंग इंडोनेशियातल्या मालुकु बेटांची, आणि जायफळ तर तेव्हा जगात फक्त तिथल्याच बांदा बेटांवर व्हायचं. १६०२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी निघाली आणि हा सगळा व्यापार आपल्या मुठीत ठेवायला तिने काय वाटेल ते केलं. १६२१ मध्ये बांदा बेटांवर तर तिथली बहुतेक माणसं मारली गेली, गुलाम झाली किंवा पळून गेली. बिस्किटाच्या पोस्टमध्ये हे कशाला असं कोणाला वाटेल, पण जायफळ किसताना मला ते आठवतं आणि आठवायलाच हवं असं वाटतं.

तर त्या ट्रिपमध्ये मी एक लाकडी साचा घेतला, पवनचक्कीचा, चित्र आत खोल कोरलेलं आणि उलटं, म्हणजे बिस्किटावर ते सुलटं उमटतं. तो इतकी वर्षं भिंतीवर शोभेला होता. या डिसेंबरमध्ये खाली काढला, तेल पुसून घेतलं आणि ठरवलं की आता भाजायचंच.

पहिल्या वेळी चव छान आली पण पवनचक्की गायब, नुसते फुगलेले चौकोन! खूप वाईट वाटलं. मग विचार केल्यावर कारण कळलं, मी बेकिंग पावडर भरपूर घातली होती आणि पीठ मळल्या मळल्या साच्यात दाबलं होतं. मऊ पिठातलं बटर ओव्हनमध्ये आधी वितळतं, मैदा घट्ट व्हायच्या आत चित्राच्या कडा वाहून जातात, उरलंसुरलं बेकिंग पावडर फुगवते.

दुसऱ्यांदा असं केलं: २५० ग्रॅम मैदा, १५० ग्रॅम गार बटर, १२५ ग्रॅम गडद ब्राऊन शुगर, चिमूटभर मीठ, दोन-तीन चमचे दूध आणि बेकिंग पावडर फक्त पाव चमचा. मसाला घरीच दळला, चार चमचे दालचिनीला एक-एक चमचा लवंग आणि जायफळ, बाकी सुंठ, वेलदोडा, पांढरी मिरी अर्धा-अर्धा, त्यातला तीन चमचे पिठात. हलक्या हाताने गोळा केला, जास्त मळायचं नाही, आणि रात्रभर फ्रिजमध्ये. ही रात्र अजिबात टाळू नका. मैदा ओलावा शोषतो, मसाल्याचा वास बटरमध्ये मुरतो, आणि सकाळी पीठ इतकं घट्ट असतं की नक्षी धरून ठेवतं. साच्यात तांदळाचं पीठ भुरभुरवून जास्तीचं झटकलं, गोळा अंगठ्याने कोपऱ्याकोपऱ्यात दाबला, वरचं जास्तीचं पीठ सुरीने सपाट कापून काढलं, मग साचा उलटा करून ओट्यावर एका कडेने ठक्कन आपटला. पहिल्यांदा निघालं नाही. दुसऱ्यांदा अख्खी पवनचक्की ट्रेवर! पात्यांवरच्या जाळीच्या रेघासुद्धा! मी एकटीच स्वयंपाकघरात ओरडले.

१६५ डिग्रीला बावीस मिनिटं लागली. बाहेर काढल्यावर मऊ वाटतात, घाबरून परत आत टाकू नका, गार झाल्यावरच कुरकुरीत होतात.

आई तेव्हा आतल्या खोलीत झोपली होती. हाक मारली नव्हती तरी उठून आली, दारात थांबली, डोळे मिटले. मी काही बोललेच नाही. तिने एक तुकडा तोडला, सावकाश खाल्ला आणि म्हणाली, "मिरी कमी आहे गं. तिथे शेवटी घशाला थोडं लागायचं."

बरोबर आहे तिचं, मी घाबरत घाबरतच घातली होती. आत्ता फ्रिजमध्ये दुसरा गोळा आहे, त्यात पाव चमचा मिरी वाढवली आहे. उद्या सकाळी आई उठायच्या आत भाजायला घेणार.