ताराचा उजवा मागचा पाय: नववा आठवडा

काल संध्याकाळी ताराच्या मागच्या पायांना पुन्हा मापाची टेप लावली. डावी मांडी 41 सेंटिमीटर, उजवी 40. पाचव्या आठवड्यात हाच फरक अडीच सेंटिमीटर होता, म्हणून आज सगळं सविस्तर लिहायला बसले आहे.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. मेलबर्नच्या पश्चिमेला एका सत्तरीच्या ट्रेनरकडे मी शनिवार-रविवार मदतीला जाते. तारा त्यांची ग्रेहाउंड, म्हणजे शर्यतीत पळणारी कुत्री, वजन 28 किलो, अंगानं सडपातळ, स्वभावानं गरीब. शर्यतीत वळणावर ती जरा बाहेर फेकली गेली, तरी पूर्ण पळून आली. तेव्हा लंगडलीसुद्धा नाही. अंग थंड झाल्यावर मात्र उजवा पाय टेकवेना. ट्रॅकवरच्या वेटनं, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरनं, मांडीच्या आतल्या बाजूनं हात फिरवला आणि सांगितलं, ग्रॅसिलिस, म्हणजे मांडीच्या आतल्या बाजूचा स्नायू. इथले जुने लोक त्याला ‘बॅक मसल’ म्हणतात. स्नायू अर्धवट फाटला होता. पूर्ण तुटला असता तर पहिल्या काही दिवसांतच शस्त्रक्रिया करून शिवावा लागला असता.

उजवाच का, ते समजून घेण्यासारखं आहे. इथे वळणाच्या ट्रॅकवर कुत्री कायम डावीकडे वळत पळतात. ताशी साठ किलोमीटरच्या वर वेग असताना वळणावर बाहेरच्या बाजूचा पाय म्हणजे उजवा, आणि मागच्या उजव्या पायावर रेटा देऊनच ती वळण काढते. या पायाचा ग्रॅसिलिस आणि घोट्यातलं एक लहान हाड, या दोन्ही दुखापती त्यामुळेच ग्रेहाउंडमध्ये वारंवार दिसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडीच्या आतली कातडी वांग्यासारखी जांभळी झाली होती आणि तो रंग हळूहळू खाली घोट्याकडे उतरत होता. बघून पोटात कालवलं. आपल्याकडे लचकलं की पहिला विचार शेकाचा. हळद-मीठ गरम करून लावायचं, तेलानं चोळायचं. बैलाचा पाय मुरगळला की आमच्या गावी हेच करायचे, आणि माझेही हात तिकडेच वळत होते. पण पहिले दोन-तीन दिवस शेक आणि चोळणं दोन्ही वर्ज्य. आत रक्त झिरपत असतं, ऊब दिली की ते आणखी पसरतं, आणि जेवढी गाठ मोठी तेवढा पुढे व्रण मोठा. म्हणून गोठवलेल्या मटारची पिशवी ओल्या पंच्यात गुंडाळून दर चार तासांनी पंधरा मिनिटं धरायची. ग्रेहाउंडच्या अंगावर चरबी जवळजवळ नसतेच, त्यामुळे थंडीनं ती कुडकुडते. वरून कोट घालून मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसत असे.

औषध फक्त वेटनं लिहून दिलेलं. घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन कुत्र्याला कधीही देऊ नका, जिवावर बेतू शकतं. शिवाय वेदना दबली की कुत्रं पायावर जोर देतं आणि भरत आलेली जखम पुन्हा उसवते.

चौथ्या दिवसापासून ऊब सुरू केली. नंतर हलक्या हातानं वरच्या दिशेनं मालिश, पाय सावकाश वाकवणं-सरळ करणं, आणि वेटकडे आठवड्यातून दोनदा लेझरचा उपचार. दहाव्या दिवसापासून गळ्यातला पट्टा धरून पाच मिनिटं चालणं. तिसऱ्या आठवड्यात ती सरळ चालू लागली, कातडीचा रंग निवळला, शेपूट हलायला लागली. सगळं मार्गी लागलं असं वाटलं.

चूक इथेच झाली, आणि ती माझी. चौथ्या आठवड्यात तिला लांब कुंपणाच्या पट्टीत मोकळं सोडलं. पलीकडून दुसरं कुत्रं धावलं आणि तारानं क्षणात वेग घेतला. चार-पाच उड्या असतील. दोन तासांनी हात लावला तर तिनं मान वळवून माझं मनगट तोंडात धरलं. चावली नाही, नुसतं धरून ठेवलं. दुखतंय हे सांगायची तिची ती रीत. दोन आठवड्यांची कमाई गेली आणि आम्ही परत बर्फावर आलो.

फाटलेल्या जागी आधी व्रणाचा धागा तयार होतो. तो स्नायूसारखा ताणला जात नाही. चालताना कुत्रं ठीक दिसतं, पण व्रण आणि निरोगी स्नायू यांचा सांधा वेग सहन करण्याइतका तयार झालेला नसतो. म्हणून डोळ्यांवर विसंबू नये, बोटांवर विसंबावं. अंगठा मांडीच्या मागच्या कडेनं वरून खाली नेला की ग्रॅसिलिस दोरीसारखा लागतो. ताराच्या त्या दोरीत एक खळगा होता आणि त्याखाली गाठ. सुरुवातीला गाठ बदामाएवढी होती, काल ती तुरीच्या दाण्याएवढी लागली. मी रोज एकाच वेळी, व्यायामाआधी, आधी चांगल्या पायावर आणि मग दुखऱ्या पायावर बोट फिरवते. दाबल्यावर ती श्वास रोखते का, कान मागे घेते का, एवढं पाहते.

आता कार्यक्रम असा चालू आहे: सकाळी वीस मिनिटं पट्टा धरून चालणं, त्यात चढाचा रस्ता. मग जमिनीपासून वीतभर उंचीवर ठेवलेल्या सहा प्लास्टिक पाइपांवरून सावकाश पावलं. पाय उचलावा लागतो, म्हणून मांडी भरते आणि दोन्ही पायांवर भार सारखा येतो. शनिवारी समुद्रात पोहणं. पाण्यात अंगाचं वजन पायावर येत नाही आणि स्नायूला काम मात्र मिळतं. स्नायू ताणायचा तो चालून अंग गरम झाल्यावरच, थंड अंगानं कधीच नाही.

ट्रेनर म्हणतात, वळण अजून लांब आहे. मला पटतं. ती परत शर्यतीत उतरली नाही तरी चालेल, पण ती मोकळ्या मैदानात न दुखता पळावी, ही माझी इच्छा आहे. वेटनं होकार दिला तर पुढच्या रविवारी मेलबर्नजवळच्या हील्सव्हिलला नेऊ. तिथला ट्रॅक सरळ आहे, वळण नाही, म्हणजे उजव्या पायावर जादा ओढ येणार नाही. अंतर थोडंच, एकटीच पळेल. आल्यावर दोन तासांनी बोट फिरवीन, सोमवारी सकाळी पुन्हा, आणि टेपही लावीन.